अंगावरून वारं गेलं, मग हाडांचं काय?



"अंगावरून वारं गेलं" असं आपल्याकडे अजून म्हणतात. डॉक्टर पक्षाघात म्हणतात, शिकलेली पोरं स्ट्रोक म्हणतात, कुणी लकवा म्हणतं. गोष्ट एकच. मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी तुंबते नाहीतर फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग काम सोडतो. माणूस दवाखान्यातून घरी येतं. मग घरात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आतल्या खोलीत कॉट लागते. पुन्हा वारं लागू नये म्हणून खिडकी बंद होते. सासूबाई उठायला लागल्या की चार जणी ओरडतात, "पडून राहा, आराम करा!" हे सगळं मायेपोटीच चाललेलं असतं.

मी बचत गटांची समन्वयक. गटांच्या वह्या तपासताना 'कर्जाचे कारण' हा रकाना मी आधी वाचते. लकव्याच्या घरातलं पहिलं कर्ज दवाखान्याचं असतं. वर्ष-दीड वर्षानं त्याच घराचं दुसरं येतं, 'खुबा मोडला'. आणि बैठक उठताना ती बाई हळूच तिसरी गोष्ट सांगते, की आत्या हल्ली माणसं विसरतात, चहा पिऊन झाला तरी चहा दिलाच नाही म्हणतात. घरच्यांना ही तीन वेगळी संकटं वाटतात. डॉक्टर लोकांनाही ती पुष्कळ काळ वेगळीच वाटत होती, कारण मेंदूचा डॉक्टर वेगळा आणि हाडाचा वेगळा. ही तिन्ही एका पानावर कशी आली, तो इतिहास आज सांगणार आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता. लढाया आणि तह पुष्कळ पाठ केले, पण कॉटवर पडलेल्या म्हातारीलाही इतिहास असतो हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आधी या पडून राहण्याबद्दल. हा सल्ला काही आपल्या आज्यांनी शोधलेला नाही. जॉन हिल्टन नावाचे लंडनचे मोठे शल्यचिकित्सक होते. विश्रांती हाच निसर्गाचा मोठा उपाय, अशी व्याख्यानं त्यांनी दिली आणि १८६३ साली त्यांचं पुस्तक झालं. डॉक्टरांच्या पिढ्यांनी ते वाचलं. हाड मोडलं तर विश्रांती, हृदय बिघडलं तर विश्रांती, बाळंतपण झालं तर विश्रांती. मोडलेल्या हाताला ती ठीकच आहे. पण म्हाताऱ्या माणसाच्या लकव्यालाही तोच नियम लागला, आणि तो सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणी फारसा मोडला नाही.

तो मोडणाऱ्यांत एक बाई होती. डॉ. मार्जरी वॉरेन. पश्चिम लंडनमध्ये वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल आहे, तिथं त्या काम करायच्या. या हॉस्पिटलला लागून गरिबांसाठीचं सरकारी आश्रयघर होतं. ज्यांचं कुणी नाही, ज्यांना घरी सांभाळणं जमत नाही, अशी माणसं तिथं आणून ठेवलेली. १९३५ साली ते हॉस्पिटलच्या ताब्यात आलं आणि तिथले ७१४ रुग्ण वॉरेनबाईंच्या अंगावर पडले. बरीचशी म्हातारी, त्यांत लकवा झालेले पुष्कळ. वर्षानुवर्षं खाटेवर. गुडघे आखडलेले, पाठीला जखमा, आणि डोकंही चालेनासं झालेलं. यांचं आता काही व्हायचं नाही असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

बाईंनी आधी एक साधं काम केलं. प्रत्येकाला तपासलं. आपल्याला वाटेल यात काय विशेष, पण त्यांतल्या कितीतरी जणांना तिथं आल्यापासून नीट तपासलेलंच नव्हतं! मग त्यांनी वॉर्डाच्या भिंतींना उजळ रंग दिला, उजेड वाढवला, खुर्च्या आणल्या, धरून चालायला दांडे लावले. आणि माणसांना उठवायला सुरुवात केली. आधी खाटेच्या कडेला बसवायचं, मग खुर्चीत, मग उभं करायचं, मग चार पावलं. अर्धांग गेलेल्या रुग्णांवर त्यांचा खास रोख होता. उठून बसलेली माणसं बोलायला लागली, स्वतःच्या हातानं जेवायला लागली. पुष्कळ जण घरी गेले. काही काळानं बाईंना एवढ्या खाटा लागेनाशा झाल्या. ७१४ वरून २४० वर आल्या, आणि उरलेल्या छातीच्या रोग्यांना देऊन टाकल्या. म्हाताऱ्या माणसांचं वेगळं वैद्यकशास्त्र असावं हा विचार इंग्लंडमध्ये रुजला, त्याचं मोठं श्रेय या बाईंना देतात.

१९४७ साली रिचर्ड अॅशर या लंडनच्याच डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. अंथरुणात पडण्याचे धोके हा विषय. एकेक अवयव घेऊन, पडून राहिल्यानं त्याचं काय नुकसान होतं, ते त्यांनी सांगितलं. फुप्फुस, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायू. त्याच यादीत हाडंही होती, आणि शेवटाकडे मनही होतं. हाड आणि मन एका यादीत, आणि दोन्हींचं एकच कारण, अंथरूण. आज मी जे सांगते आहे त्याचा धागा मला तिथून धरावासा वाटतो.

पण पडून राहिल्यानं हाडाला काय होतं? हाड तर दगडासारखं वाटतं आपल्याला. तसं ते नसतं. हाडात रात्रंदिवस दोन टोळ्या कामाला असतात. एक जुनं हाड पोखरून काढते, दुसरी नवीन भरते. भरणारी टोळी रोजगार हमीसारखी असते, मागणी असेल तर काम चालू. मागणी म्हणजे वजन. आपण उभ्या राहिलो, चाललो, हंडा उचलला की हाडावर भार येतो, आणि तिथं नवीन भर पडते. भार नाही, तर भरण्याचं काम थंडावतं. पोखरणारी टोळी मात्र सुट्टी घेत नाही.

हे कळायची सुरुवात गमतीशीर झाली. १८६६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये हर्मान मायर हे शरीरशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होते. तिथं कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअर होते. हाडाच्या आतल्या जाळीच्या रेषा बघून ते चकित झाले. मालाची क्रेन बांधताना भार कुठून कुठं जातो त्याच्या ज्या रेषा ते काढायचे, तशाच या होत्या. पुढे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली त्याचा नियम मांडला, की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं.

त्याची उलटी बाजू १९४८ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मोजून दाखवली. चार धडधाकट तरुण पुरुष घेतले आणि कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये घालून सहा-सात आठवडे झोपवून ठेवलं. खायला-प्यायला सगळं व्यवस्थित. तरी त्यांच्या लघवीतून जाणारं कॅल्शियम वाढत वाढत दुपटीच्या आसपास गेलं. ते हाडांतून सुटून येत होतं. पुढे अंतराळवीरांमध्येही हेच दिसलं. तिथं शरीराला वजनच नसतं, त्यामुळे निवडून घेतलेल्या तगड्या माणसांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. मग साठी ओलांडलेल्या, पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेल्या, आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवलेल्या बाईचं सहा महिने कॉटवर काय होत असेल?

पाळीचं नाव निघालं म्हणून फुलर ऑलब्राइट यांची गोष्ट सांगायलाच हवी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले हे डॉक्टर. हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांच्या नोंदी ते ठेवत होते. पासष्टीच्या आतले असे ४२ रुग्ण त्यांच्याकडे झाले, त्यांत ४० जणी पाळी गेलेल्या बाया निघाल्या. पाळी जाते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्याचा हाडांशी संबंध आहे, हे त्यांनी १९४१ साली मांडलं. बायांच्या कंबरदुखीला, वाकलेल्या पाठीला 'वय झालं' यापलीकडे कारण मिळालं ते तेव्हापासून.

त्यांना स्वतःला ऐन उमेदीत कंपवात जडला होता. हात थरथरायचे, बोलणं अस्पष्ट झालं, तरी त्यांनी काम चालू ठेवलं. १९५६ साली मेंदूची एक नवी, प्रायोगिक शस्त्रक्रिया करून घ्यायचं त्यांनी ठरवलं. एका बाजूची बरी झाली. दुसऱ्या बाजूच्या वेळी मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर त्यांना शुद्ध अशी आलीच नाही. १९६९ साली वारले तोवर, म्हणजे तेरा वर्षं, ते अंथरुणातच होते. हाडं कशानं झिजतात हे जगाला ज्यांनी शिकवलं त्यांचाच मेंदू गेला, आणि त्यांची हाडं अंथरुणात पडून राहिली. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुसरं काही वाचावंसं वाटलं नाही.

लकवा झालेल्या माणसाचं हाड म्हणून वेगळा अभ्यास बराच उशिरा झाला. १९९८ च्या सुमारास स्वीडनमधल्या उमेओ गावच्या डॉक्टरांनी स्ट्रोक झालेल्या रुग्णांचा माग काढला. त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण बाकीच्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा दुपटीपासून चौपटीपर्यंत होतं. बहुतेक हाडं पडल्यामुळे मोडली होती. आणि खुबा मोडला तो बहुतेक वेळा लुळ्या बाजूचाच. शरीर एकच, खाणं एकच, पण ज्या पायावर भार येत नाही तो आतून पोकळ होतो, आणि तोल जातो तोही त्याच बाजूला.

इथं मेंदूचा आणखी एक खेळ असतो, तो घरात ओळखता यायला हवा. मेंदूची उजवी बाजू दुखावली की काही रुग्णांना डावीकडचं जगच नसल्यासारखं होतं. डोळे चांगले असतात, पण मेंदू तिकडं लक्षच देत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची भाकरी तशीच राहते आणि वर "मला भाकरी दिली नाही" असं म्हणणं. आपण म्हणतो, म्हातारी चाळे करते! ती चाळे करत नसते. तिला डावीकडचा उंबरा दिसत नाही, डावा पाय चपलेत नीट गेला नाही हे कळत नाही, आणि ती पडते. म्हणजे डोक्याचा आजार हाडावर आला. मग खुब्याचं ऑपरेशन होतं, त्यानंतर म्हाताऱ्या माणसांना काही दिवस भ्रम होतो, बडबड होते, माणसं ओळखता येत नाहीत. काहींचा तो पूर्ण उतरत नाही. म्हणजे हाडाचा आजार परत डोक्यावर गेला. हा फेरा एकदा सुरू झाला की थांबवणं अवघड.

स्ट्रोकनंतर बुद्धी मंदावते याकडेही डॉक्टरांचं लक्ष हळूहळूच गेलं. १९७४ साली व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मेंदूत छोटे छोटे झटके साठत जाऊन स्मृतिभ्रंश होतो, हे ठळकपणे मांडलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ साली तोवरचे अभ्यास एकत्र केले. पहिल्या स्ट्रोकनंतर दहात एकाला नव्यानं स्मृतिभ्रंश होतो, आणि पुन्हा स्ट्रोक आला तर तिघांत एकापेक्षा जास्त जणांना तो असतो, असं त्यात दिसलं. तेव्हा बीपीची गोळी चुकवू नका हे मी प्रत्येक बैठकीत बडबडते, ते यासाठी.

मग हाड आणि बुद्धी यांचा थेट काही संबंध आहे का? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावातल्या लोकांची तब्येत १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या नोंदली जाते आहे. तिथल्या म्हाताऱ्या लोकांच्या खुब्याच्या हाडाची घनता आधी मोजली होती. २००५ साली असं छापून आलं, की ज्या बायांची हाडं सगळ्यात विरळ होती त्यांना पुढे अल्झायमर होण्याचा धोका सुमारे दुप्पट होता. पुरुषांत तसं दिसलं नाही. इस्ट्रोजेन हाडालाही लागतं आणि मेंदूलाही, त्यामुळे विरळ हाड ही कदाचित आयुष्यभराच्या कमतरतेची खूण असेल, असा एक अंदाज. एका घराच्या दोन भिंतींना एकाच वेळी ओल आली, म्हणजे एका भिंतीनं दुसरीला ओली केली असं होत नाही. छप्पर गळत असेल.

पण २०१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून वेगळीच बातमी आली. हाड भरणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचा एक पदार्थ बनवतात. जेरार्ड कारसेंटी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की हा पदार्थ रक्तातून मेंदूत पोचतो. ज्या उंदरांमध्ये तो नव्हता ती घाबरट झाली आणि शिकलेलं लक्षात ठेवण्यात मागे पडली. आईच्या हाडातला हा पदार्थ वारेतून गर्भापर्यंत जातो आणि पिल्लाच्या मेंदूच्या वाढीला लागतो, हेही दिसलं. हे उंदरांचं झालं. त्यातून माणसाला द्यायचं औषध अजून निघालेलं नाही. कुणी तसलं काही विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

हे मी उगाच म्हणत नाही. लकव्याच्या घरात 'हाडं आणि बुद्धी दोन्ही भक्कम' असं लिहिलेले पावडरचे डबे मी पाहिलेत, आणि त्यासाठी गटातून काढलेलं कर्जही पाहिलंय. तेव्हा हा पुढचा इतिहास नीट ऐका. २००५ साली अमेरिकेतल्या जामा या नामांकित नियतकालिकात जपानचे डॉ. योशिहिरो सातो यांचा अभ्यास आला. स्ट्रोक झालेले ६२८ रुग्ण, दोन वर्षं फोलेट आणि बी-१२ च्या गोळ्या, आणि खुबा मोडण्याचं प्रमाण तब्बल ८० टक्क्यांनी कमी! असे त्यांचे कितीतरी अभ्यास. स्ट्रोक, कंपवात, अल्झायमर, जिथं मेंदूचा आजार तिथं यांची एखादी गोळी हाड वाचवणार. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनच्या डॉ. अॅलिसन अव्हेनेल यांना संशय आला तो साध्या हिशोबावरून. दोन वेगळ्या अभ्यासांतल्या, वेगळ्या रुग्णांच्या सरासऱ्या तंतोतंत जुळत होत्या. आपल्याकडे दोन गटांच्या वह्यांत शिल्लक पैशापर्यंत सारखी आली तर आपण काय समजू? तेच. न्यूझीलंडच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ३३ अभ्यास तपासले आणि ते आकडे खरे असणं जवळपास अशक्य आहे हे दाखवलं. २०१६ साली जामानं तो अभ्यास मागे घेतला, आणखीही पुष्कळ मागे घेतले गेले. मधली अकरा वर्षं मात्र डॉक्टर त्यावर विसंबून होते.

डॉक्टरांनी रक्त तपासून दिलेली गोळी बंद करा असं मी म्हणत नाही, तो गैरसमज नको. व्हिटॅमिन डी कमी असेल तर ते घ्यावंच लागतं. आणि त्याचा धागा तर आपल्या नाशिकपर्यंत येतो. १९२०-२२ च्या सुमारास हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक भागात हाडं मऊ होण्याच्या आजाराचा, म्हणजे मुडदूसचा, अभ्यास केला होता. त्यांना दिसलं ते उलटंच. खात्यापित्या घरांत, जिथं बाया आणि लहान मुलं पडद्यात असायची, तिथं आजार होता. शेतात राबणाऱ्या गरीब बायांची मुलं, अन्न निकृष्ट असूनही, त्यातून सुटलेली. फरक उन्हाचा होता. कातडीवर ऊन पडलं की शरीर व्हिटॅमिन डी तयार करतं, हे पुढे पक्कं कळलं. आज पडदा गेला, पण लकवा झालेल्या बाईला आपण तोच पडदा परत लावतो. आतली खोली, बंद खिडकी, अंगभर पांघरूण.

मग उद्याच सासूबाईंना उठवून अंगणात चालवायचं का? थांबा. ऑस्ट्रेलियाच्या ज्युली बर्नहार्ट मूळच्या फिजिओथेरपिस्ट. लवकर उठवणं चांगलं, तर पहिल्या चोवीस तासांतच भरपूर उठवून पाहू, असा मोठा अभ्यास त्यांनी केला. पाच देश, २१०४ रुग्ण. २०१५ साली निकाल आला आणि तो त्यांच्या अपेक्षेच्या विरुद्ध होता. फार लवकर आणि फार जास्त उठवलेल्यांची प्रगती थोडी कमीच झाली होती. बाईंनी तो जसा होता तसा छापला. सातोंच्या गोष्टीनंतर मला हे फार मोठं वाटतं. पुढे त्याच आकड्यांचा बारकाईनं विचार केल्यावर दिसलं, की एका दमात खूप वेळ उठवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ, पण दिवसातून जास्त वेळा उठवलेली माणसं बरी राहिली.

म्हणजे कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून. सुरू केल्यावर थोडं थोडं, वरचेवर. आणि इथं आपली खरी अडचण आहे. दिवसातून पाच-सहा वेळा हात धरायला घरात कोण असतं? सून खुरपायला गेलेली, पोरगा कंपनीत. मागच्या बैठकीत एका गटानं ठरवलं, की आळीतल्या दोन लकव्याच्या घरांत ज्यांना रोजगार नाही त्या बायांनी दुपारच्या पाळ्या लावायच्या. महिन्याभरात किती दिवस जमलं ते त्या वहीत लिहिणार आहेत. पुढच्या गुरुवारी फिजिओथेरपीच्या ताई याच वेळेला बोलणार आहेत, लुळ्या बाजूनं आधार कसा द्यायचा आणि काखेत हात घालून का ओढायचं नाही ते सांगायला. तोवर ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी कॉटची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. कडेला बसल्यावर दोन्ही टाच टेकतात का तेही बघा. ताई तेच आधी विचारणार आहेत.